थोरल्यांचा करार

"तुम्ही माझ्या आत्या ना?" टेबलावर आडव्या झालेल्या बाईनं छताकडं बघतच विचारलं, आणि धाकटीचा हात तिच्या पोटावर होता तिथंच थांबला. सोनोग्राफीच्या खोलीत नेहमीसारखा अर्धा अंधार होता. यंत्राचा पंखा घुरघुरत होता, दाराबाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं धाकटीनं आधी स्वतःचा चेहरा आतून चाचपून पाहिला, कोरा आहे ना. या खोलीतला पहिला धडा तोच. पडद्यावर काहीही दिसो, भुवई हलता कामा नये, श्वास लांबता कामा नये. बाया पडद्याकडं बघत नाहीत, बघणारीच्या तोंडाकडं बघतात, आणि सांगायचं ते डॉक्टरांनी सांगायचं असतं. नोकरीच्या सुरुवातीला एकीनं तिच्या नुसत्या गिळलेल्या आवंढ्यावरून सगळं ओळखलं होतं. तेव्हापासून तिनं आवंढा गिळणंही सोडलं. हळूहळू घरातही तोच चेहरा राहिला. शेजारीण म्हणायची, तुमच्याकडं बघून कळत नाही हो, दूध नासलंय की लॉटरी लागलीय. आता तिनं त्या बाईकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. कपाळ बाबांचं होतं. रुंद, मधोमध अंगठा दाबल्यासारखं किंचित खोलगट. थोरल्या भावाचंही तसंच होतं. धाकटीच्या वाट्याला ते आलं नव्हतं, ती आईवर गेली होती.

"हो," ती म्हणाली, आणि तिनं हात परत चालवला. काळ्या पोकळीत राखी रंगाचा एक दाणा दिसला आणि दाण्याच्या पोटात काहीतरी लुकलुकत होतं, दूरच्या डोंगरावर कुणी कंदील हलवावा तसं. तिनं माप घेतलं. मग नियम थोडा वाकवून पडदा त्या मुलीकडं फिरवला आणि ठोके आहेत एवढंच सांगितलं. मुलीनं पडद्याकडं पाहिलं नाही. "याआधी दोन्ही वेळा होते," ती म्हणाली. मग कोरड्या आवाजात, पाठ केल्यासारखं तिनं सगळं सांगितलं. दोन्ही मुलं तिसऱ्या महिन्यात गेली. तपासण्या झाल्या, कशात काही निघालं नाही. दुसऱ्या वेळी दवाखान्यात तिचे वडील कॉटच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी तिच्या पायांवरची चादर सारखी केली आणि म्हणाले, हे माझ्यामुळं. तेवढंच. घरी आल्यावर आईकडून तिनं बाकीचं काढून घेतलं. आत्या कुठल्या इस्पितळात असते हे वडिलांना माहीत होतं, कसं ते ठाऊक नाही. म्हणून ती मुद्दाम इथं आली होती. "मला आजोबांना भेटायचंय," ती म्हणाली. "त्यांनी जे म्हटलं होतं ते त्यांनीच मागं घ्यावं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण पप्पांचा आहे, आणि मला आता झोप लागत नाही." धाकटीनं तिच्या हातात पोट पुसायला कागद दिला. रविवारी दुपारी ये, ती म्हणाली. दुपारी त्यांचं डोकं जरा जागेवर असतं.

त्या दिवशी तिनं घराकडं जाणाऱ्या दोन बस सोडल्या. थांब्याच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन ती बसून राहिली. कंटाळा आला होता म्हणावं, तर कंटाळा फार लहान शब्द होता. शीण होता, आणि तो पायांत नव्हता, पायांच्याही मागं कुठंतरी होता, तिच्या जन्माच्या आधीपासूनचा. त्या घराण्यात लहान मुलांना गोष्टी सांगत नसत, करार सांगत. पणजोबांच्या काळात साथ आली, घरातली पोरं एकामागून एक गेली, शेवटचं एक तापानं फणफणत होतं, तेव्हा पणजोबा परसात गुडघे टेकून देवाला म्हणाले होते, याला ठेव. मी याला तुझ्या सेवेला देतो, याच्या थोरल्याला देतो, आणि त्याच्या थोरल्याला. ते पोर जगलं. ते धाकटीचे आजोबा. ते चर्चचे पाळक झाले, मंडळीपुढं उभे राहिले, मग बाबा उभे राहिले. लहानपणी धाकटीनं एकदा विचारलं होतं की पणजोबांनी नवस केला म्हणजे. बाबांनी तिला समोर बसवून समजावलं होतं की नवस नव्हे, करार. नवस फेडला की संपतो. करार पिढ्यान्‌पिढ्या चालतो. पाळला तर आशीर्वाद हजार पिढ्या, मोडला तर शाप तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. तिला तेव्हा वाटलं होतं की सौदा बरा आहे, हजारांपुढं चार म्हणजे काहीच नाही. पुष्कळ मोठी झाल्यावर एकदा दुपारी भांडी घासताना तिच्या ध्यानात आलं की पणजोबांनी स्वतःचं असं काहीच दिलं नव्हतं. दिली ती न जन्मलेली पोरं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. तिला एकटीलाच हसू आलं, मग हात साबणात तसेच राहिले.

थोरला पणजोबांपासून चौथ्या पिढीतला. लहानपणापासून त्याला घरात वेगळं वागवत, म्हणजे लाड नव्हेत, सांभाळून ठेवलेल्या भांड्यासारखं. त्याला झाडावर चढू देत नसत. त्याचा आवाज फुटला तेव्हा बाबांनी आठवडाभर त्याला बोलू दिलं नव्हतं, पुढं याच गळ्यानं उपदेश करायचा आहे म्हणून. आणि ज्या रविवारी त्यानं मंडळीपुढं उभं राहून वचन द्यायचं, त्या रविवारी तो उभा राहिला, सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला की मला हे देता येत नाही, कारण माझ्यापाशी ते नाही. ओरडला नाही, वाद घातला नाही. खाली उतरला आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेला. त्याच्या मागोमाग त्याची बायको उठली, तिला सातवा लागला होता, तिला बाकांमधून निघायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ कुणी हललं नाही. संध्याकाळी तो सामान न्यायला घरी आला. जेवणाच्या टेबलाशी बाबा पवित्र शास्त्र उघडून बसले होते. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, तो बसला, इतक्या वर्षांची सवय. बाबांनी आशीर्वादाचा भाग वाचला, पान उलटलं, शापाचा भाग वाचला, आणि मग पुस्तक मिटून तेच शब्द थोरल्याकडं बघत, त्याला उद्देशून, पुस्तकाशिवाय म्हटले. गावात, रानात, येताना, जाताना, आणि पोटच्या फळाला. आवाज चढला नव्हता. आई ताटं उचलत होती, ती उचलत राहिली. धाकटी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिला एवढंच आठवतं की वहिनीनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते, पावसात कुणी पिशवी झाकावी तसे. तो मुलगा जन्मला आणि संध्याकाळ पाहायच्या आधी गेला. ही मुलगी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाली, आणि ती झाल्याचं धाकटीला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. थोरल्यानं देव सोडला होता, घर सोडलं होतं, आडनावसुद्धा नाइलाजानंच लावत असे म्हणतात. शाप मात्र बरोबर नेला होता.

आणि ती स्वतः? करारात तिचं नावच नव्हतं. थोरल्यांचा करार, त्यात धाकट्यांना आशीर्वादही नाही आणि शापही नाही, मुलींना तर नाहीच नाही. कधी कधी तिला ते चांगलं वाटे, पाऊस चुकवून वळचणीला उभं राहिल्यासारखं. पण वळचणीला माणूस किती वर्षं उभं राहणार? थोरला गेल्यावर बाबांना कुणी पाहायचं हा प्रश्नच कुणी विचारला नाही. आई गेल्यावर तर नाहीच. एक स्थळ आलं होतं, बरं होतं, त्याला दुसऱ्या शहरात नोकरी होती. बाबांनी नको म्हटलं नाही. नुसतं विचारलं, मग माझे डोळे? डोळे तेव्हा जायला लागले होते. आता ते पूर्ण गेले होते आणि गेल्या दोनेक वर्षांत डोकंही त्यांच्यामागून निघालं होतं. सकाळी त्यांना आंघोळ घालायची, दाढी करायची, इस्पितळातून आल्यावर चादर बदलायची. दिवसभर लोकांच्या पोटात बघायचं आणि संध्याकाळी बापाच्या तोंडात घास घालायचा, ती स्वतःशीच म्हणे, आपला सगळा कारभार पोटाशी. त्या पडद्यावर इतक्या वर्षांत तिला कुणाचं पाप दिसलं नव्हतं. ठोके थांबतात ते भाविकांचे थांबतात, नास्तिकांचे थांबतात, गरिबाचे, चोराचे, न्यायाधीशाच्या सुनेचे थांबतात. हे तिला कुणापेक्षाही पक्कं ठाऊक होतं. आणि तरी दुपारी ते कपाळ घेऊन आलेल्या पोरीच्या पोटावर हात ठेवताना पडद्याकडं बघायच्या आधी तिनं क्षणभर डोळे मिटले होते. बस आली. तिसरी. ती चढली.

रविवारी भाची आली तेव्हा एकटीच जिना चढून आली. दारात तिनं दम घेतला आणि सांगितलं की पप्पांनी गाडीतून आणलंय, ते खाली बसलेत, वर येत नाहीत म्हणाले. धाकटीनं खिडकीतून वाकून पाहिलं. गाडीचं छत दिसत होतं आणि खिडकीबाहेर टेकलेलं एक कोपर, पिकलेल्या केसांचं. तिनं हाक मारली नाही. बाबांना आधीच धुऊनपुसून, स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसवलं होतं. कोण आलंय ते तिनं त्यांना दोनदा सांगितलं. थोरल्याची मुलगी. बाबांनी चेहरा आवाजाच्या दिशेनं वळवला आणि आनंदानं विचारलं की थोरला का नाही आला, त्याला सर्दी आहे का, त्याच्या गळ्याला जपायला पाहिजे. भाचीनं धाकटीकडं पाहिलं. तिनं घरून येताना शब्द जुळवून आणले असणार, कारण ती लगेच पुढं झाली, त्यांच्या खुर्चीसमोर स्टुलावर बसली आणि एका दमात म्हणाली, "आजोबा, तुम्ही माझ्या वडिलांना शाप दिला होता. त्यांच्या पोटच्या फळाला. तो मागं घ्या."

बाबांचे ओठ हलत होते, जणू तोंडात काहीतरी सापडलंय आणि ते काय आहे हे जिभेनं ओळखायचं आहे. धाकटीला वाटलं, आता येईल. आता ते टेबल येईल, ती ताटं, तो दिवा. "थोरल्याला?" ते शेवटी म्हणाले. "मी? बाप आहे मी त्याचा. आपल्या लेकराला असं कोण म्हणेल?" आणि थोडं थांबून, समजुतीच्या सुरात, "दुसरं कुणी असेल, बाळ. लोक काहीही सांगतात."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खोटं बोलता येतच नव्हतं, तीच तर त्यांची सगळ्यांना धास्ती होती. धाकटीच्या कानशिलांत काहीतरी तापत गेलं. तिला त्या संध्याकाळचा शब्द न्‌ शब्द पाठ होता. तिनं मनात आणलं असतं तर ती तिथंच, त्याच चालीत, कुठं थांबायचं कुठं वर जायचं यासकट म्हणून दाखवू शकली असती. आठवा, बाबा, ती मनात म्हणाली. एका घराचे दोन तुकडे झाले त्या शब्दांनी, आई त्यानंतर गाणं म्हणायची थांबली, थोरला स्वतःच्या मुलीच्या कॉटपाशी उभा राहून माझ्यामुळं म्हणाला, आणि तुम्ही ते कुठंतरी टेकवून विसरून आलात, दुकानात छत्री विसरावी तशी. बाकीच्यांनी उचलून धरलंय अजून. पण त्यांच्या मिटल्यासारख्या डोळ्यांवर खिडकीचा उजेड पडला होता आणि चेहरा इतका निवांत होता की तिला त्या निवांतपणाचा हेवा वाटला. शाप देणारा मोकळा. देव काय, तो तर कधी काही बोललाच नव्हता. मग हे चालवत कोण होतं इतकी वर्षं?

भाची स्टुलावर तशीच बसली होती. ती रडेल असं धाकटीला वाटलं होतं, पण ती थोडीशी हसली, दमलेल्या माणसासारखी. मग म्हणाली, मागं नसेल घेता येत तर निदान आशीर्वाद तरी द्या. हे मात्र बाबांना लगेच कळलं. हा त्यांचा धंदा होता. ते खुर्चीत ताठ झाले, गळा साफ केला, हात पुढं करून चाचपत तिच्या डोक्यावर ठेवले, आणि कुठून कोण जाणे, जुना आवाज आला, भरलेला, मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा. "गावात तुझं भलं होवो. रानात तुझं भलं होवो." धाकटी उठून उभी राहिली. गेले काही महिने संध्याकाळच्या प्रार्थनेत जे होत होतं ते तिला एकटीलाच माहीत होतं. आशीर्वाद आणि शाप यांचा साचा एकच, ओळी त्याच, गाव तेच, रान तेच, एका शब्दाचा फरक, आणि बाबांचं मन आता त्या फरकाशी येऊन अडखळायचं. रुळांचा सांधा बदलावा तसा आवाज किंचित खटकायचा आणि गाडी दुसऱ्या रुळावर जायची. कालच त्यांनी अन्नाला आशीर्वाद देता देता अन्नाचं वाटोळं होवो म्हटलं होतं आणि ती मुकाट्यानं जेवली होती. "आत येताना तुझं भलं होवो. बाहेर जाताना..." आवाज खटकला. "बाहेर जाताना तुझं भलं होवो," असं ते कसंबसं म्हणाले, पण तो खटका तिनं ओळखला. आता शेवटची ओळ. भाचीनं मान खाली घातली होती, तिचे दोन्ही हात नकळत पोटावर गेले होते. "तुझ्या पोटच्या फळाचं," बाबा म्हणाले, आणि थांबले, ओठ पुढच्या शब्दासाठी जुळू लागले.

"भलं होवो," धाकटी म्हणाली. "आमेन."

ती मोठ्यानं म्हणाली होती. तिच्या आवाजानं खोलीतलं काहीतरी झणझणलं, बहुधा कपाटाची काच. बाबांचे ओठ अर्धवट उघडे राहिले. जन्मभर आमेन आलं की ते थांबत आले होते, तसे ते आताही थांबले. हात खाली घेतले, मांडीवर ठेवले. ते कोणता शब्द म्हणणार होते हे आता कधीच कळणार नव्हतं, त्यांनाही नाही. भाचीला पुढं भर उन्हाळ्यात मुलगी झाली, धडधाकट आणि महारडकी. ते आपल्या शब्दानं झालं असं धाकटीनं कधी मानलं नाही, आणि न मानताही तो शब्द सोडून द्यायला ती तयार नव्हती. पण हे पुढचं. त्या दुपारी ती फक्त पलंगाच्या कडेवर बसली. "झालं का?" बाबांनी विचारलं. झालं, ती म्हणाली. ते समाधानानं मागं टेकले, उपासना आटोपल्यावर टेकत तसे, आणि थोड्या वेळानं त्यांचा डोळा लागला.

भाचीला सोडायला ती खाली गेली. जिन्यात भाची एकदा थांबली, तिनं धाकटीच्या हाताला हात लावला आणि ती पुढं उतरू लागली. थोरला गाडीतून उतरला नाही. आईच्या वेळी दोघं बहीणभाऊ कबरस्तानात दोन टोकांना उभे होते, त्यानंतर आजच. केस गेल्यानं ते कपाळ आता मागं मानेपर्यंत पोहोचलं होतं. लेक शेजारी येऊन बसली, पट्टा लावला, दिला आशीर्वाद म्हणाली. त्यानं मान हलवली. मग खिडकीतून बहिणीकडं न बघता, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, त्यानं विचारलं की आणि ते दुसरं?

"त्यांना आठवत नाही, दादा. काहीच आठवत नाही."

तो समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो राग कुणावर काढायचा हे न कळून तिथंच विरत गेला. "आठवत नाही," तो म्हणाला. पुढं म्हणाला की रोज दाढी करताना त्याला ते ऐकू येतं. रोज. गाव, रान. पाणी बंद केलं की थांबतं. धाकटीला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण मधे गाडीचं दार होतं आणि अशी सवयही राहिली नव्हती. "तो शाप आता फक्त तुझ्यापाशी आहे," ती म्हणाली. "दुसरं कुणी सांभाळत नाही. मोठं काही सोडायला निघाला होतास ना, मग हेही सोड."

त्यानं गाडी चालू केली आणि परत बंद केली. आता त्यानं तिच्याकडं पाहिलं, पहिल्यांदाच, तिच्या पांढऱ्या झालेल्या भांगाकडं, दंडावर दुमडलेल्या बाह्यांकडं, घाईत पायांत चढवलेल्या बाबांच्या चपलांकडं. पाहता पाहता त्याला काहीतरी उमगत असावं, कारण त्याचा आवाज उतरला.

"आणि तुला?" त्यानं विचारलं. "तुला काय दिलं त्यांनी?"

हा प्रश्न तिला कधी कुणी विचारला नव्हता. तिनंही स्वतःला विचारला नव्हता. तिनं तोंड उघडलं. तो कोरा चेहरा, इतक्या वर्षांचा, कुठंतरी कडेनं सुटतोय असं तिला जाणवलं, आणि थोरल्यालाही ते दिसलं असावं, त्यानं दाराच्या मुठीला हात घातला. तेवढ्यात वरच्या खिडकीतून हाक आली. जाग आली असावी, खोलीत कुणी नाही हे कळलं असावं. उपदेशाचा तो आवाज आता राहिला नव्हता. बारीक, घाबरलेला, आंधळ्या म्हाताऱ्याचा आवाज तिला धाकटे, धाकटे म्हणून बोलावत होता.

"येते," ती म्हणाली. दोघांनाही एकदमच म्हणाली, आणि जिन्याकडं वळली.